काळा चहा आणि वरच्या मजल्याचा शॉवर

आमच्या घरावर मजला चढला त्या वर्षी दोन गोष्टी एकदम बिघडल्या. खाली चहा काळा झाला आणि वर शॉवरमधून पाणी येईना.

घर डहाणूला, चिकूच्या वाडीत. विहीर वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिचंच पाणी झाडांना जायचं आणि तेच घरालाही यायचं. मजला बांधायला काढला तेव्हा नवऱ्याने जाहीर केलं की आता घरासाठी वेगळी बोअर मारायची. त्याला कुठलीही गोष्ट अर्धी करायला आवडत नाही. मशीन आलं, दिवसभर घरघरलं, अंगण राखाडी चिखलाने भरलं आणि संध्याकाळी पाणी लागलं. नवऱ्याने पहिला ग्लास भरून उजेडात धरला.

"बघ, काच आहे काच!"

खरंच काचेसारखं पाणी होतं. सासूबाईंनी बोअरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पण न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली तासाभराने पाहिली तर पाणी पिवळसर झालेलं आणि वर तेलासारखा पातळ तवंग. मी ती गुपचूप ओतून टाकली. नवरा इतका खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी नेहमीसारखा गवती चहा आणि फुदिना घालून चहा उकळायला ठेवला. मी शाळेची बॅग भरत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

"अगं, हे काय केलंस तू?"

मी काहीच केलं नव्हतं. पातेल्यात चहा नव्हता, शाई होती. त्यात दूध घातल्यावर तो जांभळट राखाडी झाला, पावसाळ्यातल्या खाडीच्या रंगाचा.

मी तलासरी तालुक्यात वेवजीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे कारण मला लगेच कळलं आणि मी ते बस चुकवून सविस्तर समजावलं. बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं आहे. जमिनीखाली हवा नसते म्हणून ते दिसत नाही. वर आल्यावर हवा लागते आणि त्याचा गंज होतो, म्हणून बादली पिवळी. आणि चहातल्या तुरट द्रव्याशी लोहाचं जमलं की काळा रंग होतो, पूर्वी अशीच शाई करायचे.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पाण्यातच लोह आहे?"

"हो."

"मग डॉक्टरने दिलेल्या लोहाच्या गोळ्या आजपासून बंद करते."

पाण्याचा नमुना तपासायला दिला. अहवालात बाकी सगळं ठीक होतं, क्षारही बेताचेच. फक्त लोहासमोर लाल गोल होता. पण अहवाल यायच्या आतच घरात पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा माणूस येऊन बसला होता. बाजारात नवऱ्याने कुणाला तरी सांगितलं होतं, त्या कुणीतरी पाठवलेला.

त्याने टेबलावर दोन ग्लास ठेवले. एकात आमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. मग पिशवीतून दोन सळ्यांचं एक यंत्र काढून आमच्या ग्लासात बुडवलं आणि वीज लावली. बघता बघता पाणी तपकिरी झालं, वर गाळ तरंगायला लागला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्याने तेच यंत्र दुसऱ्या ग्लासात बुडवलं. पाणी जसंच्या तसं.

"हे तुम्ही रोज पिताय, आजी," तो दुःखी चेहऱ्याने म्हणाला.

हा प्रयोग मी मुलांना दाखवते. मी उठले, डब्यातलं चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या शुद्ध पाण्यात टाकलं आणि म्हटलं, "आता लावा वीज." त्याने नाइलाजाने लावली. ते पाणी पहिल्यापेक्षा जास्त तपकिरी झालं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि गंज सळीचाच उतरतो. तो बिचारा घामाघूम झाला. सासूबाईंनी त्याला सरबत दिलं, विहिरीच्या पाण्याचं.

इतकं करूनही नवऱ्याने मशीन घेतलंच. "तुझा प्रयोग बरोबर असेल," तो म्हणाला, "पण चहा काळाच आहे ना?"

मशीन भिंतीवर बसलं. पहिले काही दिवस चहा चहासारखा झाला. मग मशीनमधून येणारी धार बारीक होत गेली, आणि महिना भरायच्या आत ते नुसतं गुणगुणायला लागलं. उघडून पाहिलं तर आतली पांढरी नळकांडी विटकरी झालेली, हाताला बुळबुळीत गंज. ती बदलली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी स्वतः कळशी घेतली आणि वाडीच्या दुसऱ्या टोकाला विहिरीवर निघाल्या. पंचाहत्तरीच्या बाईला कळशी घेऊन जाताना बघून नवरा मागे धावला. त्या दिवसापासून पिण्याचं पाणी रोज सकाळी तोच आणायचा. फक्त कळशी खाली ठेवताना जरा जोरातच ठेवायचा.

वरच्या मजल्याचं दुःख वेगळं होतं. नव्या न्हाणीघरात नवऱ्याने हौसेने ताटाएवढा शॉवर बसवला होता. त्यातून पाणी यायचं ते तीन-चार ठिकाणी थेंब आणि मधून एक धागा. अंगाला साबण लावला की तो काढायला खाली यावं लागायचं. त्याने मग प्रेशर पंप आणला आणि गच्चीवरच्या टाकीतून घरात येणाऱ्या मुख्य पाइपावरच बसवला. वर शॉवर असा सुटला की पाठीला टोचायला लागला. "आता कसं!" म्हणून त्याने मला बोलावून दाखवला. मी भिजले.

पण तो पंप फक्त शॉवरला नव्हता, साऱ्या घराला होता.

त्याच रविवारी वलसाडहून माझी नणंद आली, नवरा आणि सासूला घेऊन. वरचा मजला बघायलाच आली होती. नणंदेचा नवरा वर हात धुवायला गेला, नंतर त्याने नळ फटकन बंद केला आणि त्याच क्षणी खाली स्वयंपाकघरात पिस्तूल उडाल्यासारखा आवाज झाला. मशीनला जाणारी करंगळीएवढी पांढरी नळी निसटली होती. ती सापासारखी भिंतीवर आपटत होती आणि तिच्यातून निघालेलं पाणी थेट छताला लागून जेवणावर पडत होतं. नणंदेची सासू पुऱ्या लाटायला बसली होती. ती पोळपाट डोक्यावर धरून "बंद करो, बंद करो!" ओरडायला लागली. सासूबाईंनी नळी पकडली, ती त्यांच्या हातून सुटून माझ्या नवऱ्याच्या तोंडावर आली. मुख्य कॉक कुठे आहे हे घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं आणि त्याला डोळे उघडता येत नव्हते.

शेवटी सगळं थांबलं तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यात पुऱ्यांच्या लाट्या तरंगत होत्या. मग नणंदेची सासू हसायला लागली आणि तिचं हसू थांबेना. जेवण बाहेरून मागवलं. नवरा मात्र दिवसभर कानकोंडा झाला होता.

सोमवारी मी शाळेत गेले तर आमचा हातपंप उघडून ठेवलेला. शेजारी एक बाई साडीचा काष्टा मारून बसली होती, तोंडात टेफ्लॉन टेपचं टोक आणि हातात तिच्या दंडाएवढा पाना. आमच्या भागातले हातपंप ती दुरुस्त करते. पन्नाशीची असेल. वेवजीच्या पलीकडे एका पाड्यावर राहते, स्कूटरला पुढे अवजारांची गोणी बांधून गावोगाव फिरते. पूर्वी शिकायला गेली तेव्हा वर्गात ती एकटीच बाई होती, असं तिने मला कधीतरी सांगितलं होतं. मी तिला ताई म्हणते, ती मला बाई म्हणते. शाळेतले सगळेच म्हणतात.

मधल्या सुट्टीत मी तिला रविवारची हकिगत सांगितली. पुऱ्या तरंगल्या तिथपर्यंत आले तेव्हा तिने पाना खाली ठेवला आणि पोट धरून हसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "बाई, तुमचं पाणी काय वाईट नाय. त्याला हवा नाय लागली नीट. आमच्या पाड्यावर पहिला पंप बसला तवा भात लाल व्हायचा. पोरं खायनात."

"मग काय केलं तुम्ही?"

"पाणी उंचावरून पाडलं. फोडून फोडून पाडलं. सगळा गंज वरच धरला." तिने हाताची बोटं पसरून पाणी कसं पडतं ते दाखवलं. "मी येते रविवारी. बघते."

मला माझीच लाज वाटली. पाण्याला हवा लागली की लोह गंज होऊन खाली बसतं, हे मी सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तो गंज घरात यायच्या आधीच मुद्दाम तयार करून गाळून घ्यावा, हे मला सुचलं नव्हतं. माझं विज्ञान कारणाशी येऊन थांबलं होतं.

ती रविवारी आली. घरात शिरल्यावर पाणी न पिता आधी गच्चीवर गेली, मागोमाग नवरा. त्याचा चेहरा मला खालूनसुद्धा ओळखू येत होता. त्याला वाटत होतं, आता ही मला शिकवणार. तिने एक शब्दही शिकवला नाही. तिने पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "दादा, हे टाकीच्या तळाला धरा." दुसरं टोक ती न्हाणीघरात घेऊन गेली आणि वर ओरडली, "आता बघा!" नळीतलं पाणी दोन्हीकडे सारख्या पातळीवर थांबतं, तेवढं तर त्यालाही माहीत होतं. टाकीचा तळ आणि शॉवरचं तोंड यांत जेमतेम हातभर अंतर निघालं.

"पाणी खाली यायला उंचीच नाय," ती म्हणाली. "आणि पाइप अर्ध्या इंचाचा, त्यात सात वळणं. पाणी बिचारं घासत घासत येतंय."

नवऱ्याने टाकीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "टाकी वर घ्यायची?"

"माणसाच्या उंचीएवढी. पण स्लॅबच्या मधोमध नको. भरलेली टाकी लई जड. खाली जिथं खांब आहे त्याच्या डोक्यावर घ्या."

हे ऐकून नवरा पहिल्यांदा खुलला. खांब कुठे आहेत हे घरात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तो खडू आणून गच्चीवर फुल्या मारायला लागला. टाकीतून निघणारा पाइप एक इंचाचा करायचा, तो खाली शॉवरपाशी बारीक करायचा, वळणं कमी करायची आणि पाइपातली हवा निघून जायला एक उभी उघडी नळी ठेवायची, असं ठरलं. ती सांगत होती आणि तो वहीत चित्र काढत होता.

खाली अंगणात तिने पाण्याचं दुसरं काम मांडलं. तीन निळी पिंपं एकावर एक, प्रत्येकाच्या मध्ये वीतभर मोकळी जागा. सगळ्यात वरच्याच्या तळाला भोकं पाडून त्यात दगड आणि कोळसा. बोअरचं पाणी त्यावर पडणार, झिरपून धारांनी खालच्यात येणार, त्यातही भोकं आणि दगड, आणि सगळ्यात खालच्यात वाळूचा जाड थर. वाळूतून निघालेलं पाणी जमिनीलगतच्या टाकीत.

"आणि तिथून गच्चीवर कसं जाणार?" मी विचारलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "दादांचा पंप आहे ना. त्याला घरातल्या नळांवरून काढा, इथं बसवा. पाणी वर चढवायला तो चांगला."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते मला नीट सांगता येणार नाही. आठवडाभर त्या पंपाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

पिंपं आली, वाळू आली. लोखंडी स्टँड जोडून गच्चीवर चढवायला चार माणसं लागली. सगळं बसलं आणि पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा आम्ही सगळे ओळीने उभे होतो. खालच्या नळातून पाणी आलं ते काळंकुट्ट.

सासूबाई त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "आधी उकळल्यावर काळं व्हायचं," त्या म्हणाल्या, "आता उकळायचंही कारण नाही."

कोळसा धुवायचा राहिला होता. नवरा म्हणाला ताईंनी धुतला असेल, ताई म्हणाली दादांनी धुतला असेल. सगळी पिंपं उतरवली. मग सासूबाईंनीच ताबा घेतला. दगडावर बसून त्यांनी कोळसा तांदूळ धुवावा तसा धुतला, वाळू सात पाण्यांतून काढली. त्यांच्या शेजारी ताई बसली. दोघींची तोंडं सारखी चालू होती. मुलांचं, सुनांचं, पापडांचं, गुडघ्यांचं. सासूबाई घरी आमच्यासारखंच बोलतात, पण त्यांचं माहेर सीमेपलीकडचं. गुजराती शब्द त्यांच्या बोलण्यात मधूनच डोकावतात. ताईलाही ते येतात. मध्येच दोघी गुजरातीत गेल्या आणि कुणावर तरी हसल्या. नवऱ्याला वाटलं त्याच्यावर. बहुतेक त्याच्यावरच.

दुसऱ्या वेळी पाणी आलं ते स्वच्छ. पण ताई हुरळली नाही. "रोज एक बादली भरून ठेवा. आठ दिवस बघा." पहिले दोन-तीन दिवस बादलीत अजून पिवळी झाक यायची. मग वाळूवर गंजाचा पातळ थर धरला आणि तोच थर नवा गंज अडवायला लागला. पाचव्या दिवशीची बादली संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. मग ताईने एक छोटी बाटली दिली, तिच्यात पाणी भरून ठेवायचं आणि काळं पडलं तर त्यात जंतू आहेत असं समजायचं. सासूबाईंनी ती लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली आणि दोन दिवस येता-जाता बघितली. काळी पडली नाही. तरी पावसाळ्यात आम्ही पाणी उकळूनच पितो. ताईने तसं बजावलंय. पंधरा दिवसांनी वाळूतून उलटं पाणी सोडून गंज धुऊन काढायचा असतो, ते काम नवऱ्याने आपलं आपण घेतलं. ते लाल पाणी वाडीत कुठल्या झाडाला सोडायचं यावर तो आणि सासूबाई अजून वाद घालतात.

ज्या सकाळी गवती चहाचा चहा नीट तांबूस झाला, त्या सकाळी सगळ्यांनी दोनदा घेतला. वरच्या शॉवरमधून आता सरळ, जाड, शांत पाणी पडतं. पाठीला टोचत नाही. नणंद पुन्हा आली तेव्हा तिची सासू आधी स्वयंपाकघराच्या दारातच थांबली आणि मशीनच्या भिंतीकडे बघून मग आत आली.

पुढे चैत्रात सासूबाईंना विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जायचं होतं. नवऱ्याने गाडी काढली. दर्शन झाल्यावर त्या म्हणाल्या, "इतकं आलोय तर तिच्याकडे जाऊ या." तिच्याकडे म्हणजे ताईकडे. फोन केला, तर ती पाड्यावरच होती, पंप उघडून बसलेली. पाड्याच्या अलीकडे रस्ता खोदलेला होता, गाडी जाईना. ताई स्कूटर घेऊन आम्हाला घ्यायला आली आणि आम्ही काही बोलायच्या आत सासूबाई पदर खोचून तिच्या मागे बसल्या. त्या आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसत होत्या. नवरा "आई, सावकाश, आई!" म्हणत मागून धावत होता आणि त्या मागे वळूनसुद्धा बघत नव्हत्या.

आम्ही चालत पोचलो तेव्हा पंपाभोवती बायकांचा घोळका होता आणि सासूबाई मधोमध, पाण्याच्या ओट्यावर बसलेल्या. ताईने आतला घासलेला वायसर बदलला होता. आता झाकण बसवायचं होतं. तीन बोल्ट तिने आवळले. चौथ्याला पाना लावला आणि दांडा सासूबाईंकडे केला.

"आई, हा तुम्ही घ्या."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी पाना धरला. पहिल्यांदा तो सरकला, बायका हसल्या. दुसऱ्यांदा त्यांनी पाय रोवला आणि ओठ आवळून जोर लावला. बोल्ट बसला. एकीने दांडा हलवला, चार-पाच वेळा नुसता खळखळाट झाला आणि मग पाणी आलं, भरभरून.

परत गाडीत बसताना सासूबाईंच्या हाताला कोपरापर्यंत ग्रीस लागलं होतं. नवऱ्याने काच पुसायचं फडकं पुढे केलं.

"असू दे," त्या म्हणाल्या आणि हात मांडीवर उलटे ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या.